गळ्यांतील चार दाणे

लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८३४ सालापासून एक हिंदी गेंडा होता. १८४९ च्या अखेरीस तो मेला, तेव्हां त्याच्या शवविच्छेदनाचें काम रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध शारीरशास्त्रज्ञाकडे आलें. एवढें अवाढव्य धूड चिरावयाचें म्हणजे एक-दोन दिवसांचें काम नव्हे. तें चालू असतां गेंड्याच्या गळ्यापाशीं, अवटु ग्रंथीला चिकटलेली एक इवलीशी पिवळसर गांठ ओवेनच्या नजरेस पडली. त्यानें तिची नोंद केली. पण पुढें पुष्कळ वर्षें तिकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. परावटु ग्रंथींची विद्वानांस पहिली ओळख अशी आमच्या देशच्या गेंड्यानें करून दिली, हें वाचून वाचकांस कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

मनुष्याच्या गळ्यांतहि अशाच ग्रंथि आहेत हें दाखविण्याचा मान स्वीडनमधील उप्साला येथील इव्हार सँडस्ट्रॉम या तरुणाकडे जातो. तो वैद्यकाचा विद्यार्थी असतांच, १८७७ सालीं, कुत्र्याच्या गळ्यांत त्यास ही गांठ दिसली. मग त्यानें पन्नास मानवी प्रेतें तपासलीं, आणि १८८० सालीं आपला निबंध स्वीडिश भाषेंत प्रसिद्ध केला. त्या लहानशा भाषेंतील निबंध वाचणार किती! १८८९ सालीं, अवघ्या सदतिसाव्या वर्षीं, सँडस्ट्रॉम वारला. आपल्या शोधाचें महत्त्व जगास कळलेलें पाहण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें.

अवटु म्हणजे ज्याला आतां घरोघरीं थायरॉइड म्हणतात ती, कंठमण्याखालीं असलेली फुलपांखराच्या आकाराची ग्रंथि. तिच्या पाठीमागें, बहुधा दोन वर व दोन खालीं, अशा चार परावटु ग्रंथि असतात. प्रत्येक मसुरीच्या किंवा तांदळाच्या दाण्याएवढी. नांवांत साम्य असलें तरी या शेजारणींचा व्यवहार अगदीं वेगळा आहे. अवटूचें काम देहाच्या चयापचयाची गति राखण्याचें, तर परावटूचें काम रक्तांतील कॅल्शियमचा हिशेब ठेवण्याचें.

हा हिशेब मोठा काटेकोर असतो. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारे एक किलो कॅल्शियम असतें, आणि त्यांतील शेंकडा ९९ भाग हाडांत व दांतांत सांठविलेला असतो. रक्ताच्या द्रवांतील कॅल्शियम पाहूं गेलें तर दर १०० मिलिलिटरमागें साधारणपणें साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम, म्हणजे सगळ्या रक्तांत मिळून जेमतेम चिमूटभर. परंतु या चिमटीवांचून स्नायु आकुंचन पावणार नाहींत, रक्त गोठणार नाहीं, हृदयाचा ठेका नीट राहणार नाहीं. ती थोडी कमी होतांच परावटु ग्रंथि आपला रस रक्तांत सोडतात. हा रस तीन ठिकाणीं हुकूम बजावतो. हाडांच्या पेवांतून कॅल्शियम काढवितो. मूत्रपिंडांस तें वाया जाऊं देण्यास मज्जाव करतो. आणि त्याच मूत्रपिंडांकडून ‘ड’ जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देववून आंतड्यांकरवीं अन्नांतील कॅल्शियम अधिक शोषून घेववितो. रक्तांतील भरणा पुरेसा झाला कीं रस आंवरता घेतला जातो.

या ग्रंथि नाहींशा झाल्या तर काय होतें हें शस्त्रवैद्यांस फार महागांत पडून समजलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गलगंडाच्या शस्त्रक्रिया होऊं लागल्या. कांहीं रोग्यांची जखम उत्तम भरून येई. पण हातांपायांस मुंग्या येत, बोटें वांकडीं होऊन ताठत, आचके येत, आणि कांहीं तर दगावत. अवटु काढलेला कुत्रा मरे आणि ससा मात्र जगे, हेंहि एक कोडेंच होतें. १८९१ च्या सुमारास फ्रान्समध्यें यूजीन ग्ले यानें तें उकललें: सशाच्या दोन परावटु ग्रंथि अवटूपासून दूर असल्यामुळें शस्त्रक्रियेंत वांचत असत, एवढाच त्यांतील भेद. पुढें १९०९ सालीं बाल्टिमोर येथें मॅक्कॅलम व फोग्टलिन यांनीं दाखविलें कीं, आचके येणाऱ्या जनावरांच्या रक्तांत कॅल्शियम घटलेलें असतें आणि तें टोंचून घातलें कीं आचके थांबतात.

याच्या उलट प्रकार, म्हणजे ग्रंथि माजल्यानें होणारा रोग, ओळखण्यास अधिक काळ लागला. आणि आमच्या मतें या सगळ्या हकीकतींत तोच भाग सर्वांत बोधप्रद आहे. हाडें मऊ व पोकळ झालेल्या रोग्यांत परावटु ग्रंथि वाढलेल्या सांपडत. व्हिएन्नाच्या पंडितांनीं अनुमान केलें कीं हाडें बिघडलीं म्हणून त्यांच्या मदतीस ग्रंथि वाढल्या. तेथील एका ट्रामवाहकाचीं हाडें अशीं झिजून मोडूं लागलीं, तेव्हां फेलिक्स मांडल या शस्त्रवैद्यानें त्या मतास अनुसरून दुसऱ्या एका मृत माणसाची परावटु ग्रंथि त्याच्या शरीरांत बसविली. गुण आला नाहीं. तेव्हां मांडलनें विचाराची दिशाच फिरविली आणि १९२५ सालीं रोग्याचा गळा उघडून तेथें सांपडलेली परावटूची गांठ काढून टाकली. अंथरुणास खिळलेला तो मनुष्य पुन्हां हिंडूंफिरूं लागला! कार्य म्हणून जें समजलें होतें तें कारण निघालें. कांहीं वर्षांनीं त्याचा रोग उलटला हें खरें, पण वाट सांपडली होती.

त्याच सुमारास अमेरिकेंत एका जहाजाच्या कप्तानाची उंची हाडें खचून सुमारें सात इंचांनीं घटली होती. त्याच्यावर सात शस्त्रक्रिया झाल्या. गळा पुनःपुन्हां शोधूनहि गांठ मिळेना. अखेर १९३२ सालीं सातव्या खेपेस ती छातींत सांपडली. गर्भावस्थेंत खालच्या ग्रंथि वरून उतरत येतात, आणि एखादी आपली जागा सोडून छातीपर्यंत जाते. दुर्दैवानें त्यानंतर कांहीं आठवड्यांतच, मूतखड्याच्या उपद्रवामुळें, कप्तान मरण पावला.

आमच्या वाचकांनीं, आणि विशेषतः वाचक-भगिनींनीं, हा रोग लक्षांत ठेवण्याचें कारण असें कीं तो पुरुषांहून स्त्रियांत सुमारें तिपटीनें अधिक आढळतो, आणि तोहि बहुधा पन्नाशीनंतर. त्याचीं लक्षणें इतकीं घरगुती कीं त्यांस रोग म्हणावयास कोणी धजत नाहीं. हाडें ठणकतात, थकवा येतो, तहान फार लागते, मलावरोध होतो, मन उदास राहतें. ‘वय झालें’, ‘काळजी फार करते’, असें म्हणून घरचीं माणसें मोकळीं होतात. तीच बाई पाय घसरल्याच्या निमित्तानें हाड मोडून पडते, किंवा तिला पुनःपुन्हां मूतखडा होतो. अशा वेळीं वैद्यांस विचारून रक्तांतील कॅल्शियम व परावटूचा रस दोन्ही मोजून घ्यावे. मूतखडा झाला म्हणून स्वतःच्याच बुद्धीनें दूध-दहीं बंद करण्याची चाल मात्र आम्हांस घातक वाटते. आहारांतील कॅल्शियम फार तोडल्यानें कांहीं जातींच्या खड्यांस उलट साहाय्यच होतें.

दुसरी गोष्ट ‘ड’ जीवनसत्त्वाची. एवढें ऊन असलेल्या आपल्या देशांत त्याची उणीव सर्रास आढळते, कारण सावलींत दिवस काढणाऱ्यास उन्हाचा उपयोग काय? तें कमी पडलें कीं अन्नांतील कॅल्शियम पुरतें शोषलें जात नाहीं, आणि बिचाऱ्या ग्रंथि रात्रंदिवस राबून हाडांचें पेव उपसूं लागतात. नाचणी, तीळ, दूध हीं कॅल्शियमचीं उत्तम साधनें आपल्या स्वयंपाकघरांत आहेतच.

हा रस अचूक मोजण्याची युक्ति १९६३ सालीं अमेरिकेंत बर्सन व रोझलिन यॅलो यांनीं सिद्ध केली. अशा मापनपद्धतीबद्दल यॅलो यांस १९७७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. बहुतेक रोग्यांत चारांपैकीं एकच ग्रंथि वाढलेली असते, ती कर्करोगाची नसते, आणि ती काढली कीं रोग जातो. रक्तांत या रसाचें आयुष्य अवघें कांहीं मिनिटांचें असल्यामुळें, गांठ काढल्यावर दहा मिनिटांनीं रक्त तपासून रस निम्म्याहून खालीं आला कीं नाहीं हें शस्त्रवैद्य पाहतात, आणि आला असेल तर गळा शिवतात.