पाळीव सर्प आणि आपली सुगंधी तैले

गेल्या वर्षी पावसाळ्यात जीर्ण प्रतिश्यायाचा एक तरुण रुग्ण आमच्याकडे आला. नेहमीप्रमाणे आम्ही त्यास नीलगिरी तेलाचा वाफारा, निजण्याच्या खोलीत गरम पाण्यात त्याच तेलाचे काही थेंब आणि सायंकाळी वेखंड, ओवा व गुग्गुळ यांचे धूपन असा उपक्रम सांगितला. आठवड्याने रुग्णास उपशय होता. मात्र जाता जाता तो म्हणाला, "डॉक्टर, मला बरं वाटतंय, पण माझा पायथन तोंड उघडून श्वास घेतोय." त्याच खोलीत काचेच्या पेटीत त्याने आफ्रिकेतील बॉल पायथन पाळला होता. घरात कोणी प्राणी आहे काय, हे आम्ही विचारलेच नव्हते.

आम्ही त्यास तत्काळ पशुवैद्यकाकडे पाठविले. श्वसनमार्गाचा संसर्ग निघाला. पेटीतील उष्णताही कमी पडत होती, त्यामुळे सर्व दोष तेलाचाच, असे पशुवैद्यकांनी म्हटले नाही. परंतु वाफारा व धूप त्या खोलीतून प्रथम बंद करविला. पुढे दीड महिन्याने सर्प बरा झाला. त्या निमित्ताने आम्ही जे वाचले व जाणत्यांना विचारले, ते वैद्यमित्रांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या संहितांत सर्पाचा विचार आहे तो विषाच्या अंगाने. पशुचिकित्सेत पालकाप्यांनी हत्तीचा व शालिहोत्रांनी अश्वाचा विचार केला. पाळलेल्या सर्पाचे पथ्यापथ्य त्यात शोधून उपयोग नाही. म्हणून सर्पशरीराकडेच पाहावे लागते. बहुतेक सर्पांत उजवे फुप्फुसच कार्यक्षम असते. अजगरवर्गात डावेही असते, पण लहान. सर्पास मध्यपटल नाही, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकणे त्यास साधत नाही. त्याचा अग्नीही बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असतो. गारठ्यात पचन मंदावते, तसेच औषधाचे पचन व उत्सर्जनही. शिवाय जिभेने गंधकण टिपून टाळूवरील जेकबसनच्या इंद्रियाकडे नेणे हा त्याचा जगण्याचा आधार. आपल्याला मंद वाटणारा सुवास त्याच्यापर्यंत कसा पोहोचत असेल, याची कल्पना करावी.

ग्वाम बेटावर तपकिरी वृक्षसर्पाने स्थानिक पक्ष्यांचा संहार केला. मालाच्या पेट्यांत दडलेले हे सर्प बाहेर काढण्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञांनी सुगंधी तेलांचे प्रयोग केले व ते २००२ साली प्रसिद्ध झाले. दालचिनी, सीडरवुड, लॅव्हेंडर, रोझमेरी इत्यादी तेलांच्या केवळ दोन सेकंदांच्या फवाऱ्याने सर्प बराच वेळ दिशाहीन, हिंसक धडपड करू लागले. आल्याच्या तेलाने ते हलले, पण शांतपणे. (बाजारातील सीडरवुड तेल आपल्या देवदाराचेच असते असे नाही, हेही ध्यानी असावे.) घटकद्रव्यांतही तीव्र क्षोभक ठरलेली नावे आपल्या कपाटातीलच आहेत: नीलगिरीतील सिनिओल, लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातील सिट्रल, बडीशेपेतील अ‍ॅनिथोल आणि गंधपुरा तेलातील मिथाइल सॅलिसिलेट. म्हणजे आपले वेदनाशामक लेप व बामसुद्धा यात आले.

त्या प्रयोगाचा हेतू सर्पास पळवून लावण्याचा होता. बंद पेटीतल्या सर्पास पळायला जागा नसते. तो काचेवर डोके आपटतो, मान वर ताणून बसतो, तोंड उघडे ठेवतो, नाकपुड्यांतून बुडबुडे येतात. ही लक्षणे कोणी सांगितल्यास वैद्याने काढा सुचवू नये. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचे आहे.

धूपनाविषयी आमचा आग्रह कमी झालेला नाही. व्रणिताच्या खोलीत मोहरी, निंबपत्र, घृत व लवण यांचे धूपन सुश्रुतांनी सांगितले, ते माणसासाठी योग्यच. पण प्राण्याची पेटी दुसऱ्या खोलीत हलवावी, खिडक्या उघडाव्यात आणि धूर पूर्ण निघून गेल्यावरच ती परत आणावी. कापूर जाळतानाही हेच.

निंबतेलाची मागणी मात्र फार्मसीच्या काउंटरवर थेट येते, कारण सर्पावर गोचिडीच्या जातीचे बारीक किडे पडतात. तेल खवल्यांच्या फटींत साचते, आणि किड्यांची अंडी पेटीच्या सांदीकोपऱ्यांत असल्याने ती तशीच उरतात. पेटी रिकामी करून धुणे व अंथरूण बदलणे हा अधिक कामाचा उपाय. अंथरूण म्हणून वासाच्या लाकडाचा भुसा नको. साधे वर्तमानपत्र पुरते.

ग्राहकाने नाग, धामण वा भारतीय अजगराचे नाव घेतले, तर प्रश्नच वेगळा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते घरी बाळगणे गुन्हा आहे. त्यास वनविभागाकडे जाण्यास सांगावे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजातींसाठी २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आमच्या रुग्णपत्रिकेत आता व्यसनांच्या खाली "घरातील प्राणी" असा एक रकाना आहे, आणि सुगंधी तेलांच्या कपाटावर तीच विचारणा करण्याची सूचना आमच्या कंपाउंडरने स्वतःच्या अक्षरात चिकटविली आहे.