पडद्यावरून पुन्हा कागदावर

मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्या सरहद्दीला लागून, बालाघाट जिल्ह्यात, राजेगाव नावाचे गाव आहे. 1956 पूर्वी हा जिल्हा आणि विदर्भ एकाच राज्यात नांदत होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे सीमा आखली गेली. सोयरिकी आणि बाजारहाट मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना चालूच राहिले. अशा मुलखात पाट्या रंगविणाऱ्या कारागिराला एक बारकावा ठाऊक असावाच लागतो. नागरी लिपी हिंदीची आणि मराठीचीही. परंतु दोहोंची वळणे सर्वस्वी एक नव्हेत. हिंदीतला ‘ल’ उजवीकडच्या उभ्या दंडाला टेकून उभा असतो, तर मराठी वळणाचा ‘ल’ त्या दंडाची अपेक्षा न ठेवता दोन्ही बाजूंना गोलाई घेतो. ‘श’चीही तीच कथा. आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील भेद दाखविणारा अर्धा ‘र’ तर हिंदी पाटीवर सहसा लागतच नाही. कुंचला धरणारा हात गिऱ्हाईक पाहून वळण बदलीत असे.

छापील फ्लेक्सचे फलक आले आणि हा हात मागे पडला. बहुतेक संगणकीय टंकांत ‘ल’ व ‘श’ मुळातच हिंदी वळणाचे मिळतात. त्यामुळे मराठी दुकानदाराच्या नावातही तेच येऊन बसतात, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. काम झटपट होते, स्वस्तही पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

असे असताना, ज्यांनी संगणकावरच चित्रे काढून नाव मिळविले, ते कलावंत मधूनमधून कागदाकडे का परततात? हौस किंवा गतकाळाचे प्रेम एवढ्यावर हे उत्तर भागविता येत नाही.

संगणकावर रेखाटन करण्याची विद्या तशी पुष्कळ जुनी. 1963 साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सिद्ध केली. तीत प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा ओढता येई. 1990 मध्ये ‘फोटोशॉप’ आले, 2010 मध्ये ‘आयपॅड’. आजच्या उत्तम लेखण्या हाताच्या दाबाच्या 8192 पायऱ्या ओळखतात. म्हणजे उणीव यंत्राच्या सूक्ष्मतेत आहे, असे म्हणता येणार नाही.

इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचे उदाहरण येथे फार बोधक आहे. 2011 साली यॉर्कशायरमधील वोल्डगेट या रस्त्यावर वसंताचे आगमन त्यांनी आयपॅडवर टिपले. त्यांतील 51 चित्रे 2012 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली गेली. वयाच्या सत्तरीनंतर नवे साधन इतक्या उत्साहाने हाती घेणारा चित्रकार विरळाच. त्याच 2012 च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला. आणि 2013 चा वसंत त्यांनी काढला तो कोळशाने! पाच ठिकाणे निवडली, प्रत्येक ठिकाण पाच वेळा चितारले. एकूण 25 चित्रे, सारी कृष्णधवल. निष्पर्ण फांद्यांपासून भरगच्च पालवीपर्यंतचा सारा पालट एका काळ्या रंगात दाखवावयाचा, तर पान आणि सावली यांतला फरक डोळ्यांनी किती बारकाईने हेरावा लागला असेल! पुढे 2020 मध्ये नॉर्मंडीत असताना ते पुन्हा आयपॅडकडे वळले, हेही सांगितले पाहिजे. एकदा सोडले म्हणजे कायमचे सोडले, असा हा प्रकार नव्हे.

जपानमध्ये हायाओ मियाझाकी यांनी आपल्या आधीच्या चित्रपटांत संगणकाचे साहाय्य घेतले होते. परंतु 2008 च्या ‘पोन्यो’साठी त्यांनी सर्व हालचाली पेन्सिलने रेखाटण्याचे ठरविले. त्याकरिता सुमारे 1 लाख 70 हजार रेखाटने करावी लागली. समुद्राच्या लाटा मियाझाकी यांनी पुष्कळशा स्वतःच काढल्या. रंग भरण्याचे काम मात्र संगणकाकडेच राहिले, आणि त्यात वावगे काही नाही.

मग कागदात विशेष काय? पहिली गोष्ट अडथळ्याची. काच गुळगुळीत असते, लेखणी तीवरून घसरते. कागदाला कण असतो, तो रेषेला किंचित अडवितो आणि हाताला आपला वेग कळतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पडद्यावर चुकलेली रेषा एका खुणेसरशी नाहीशी होते. त्यामुळे रेषा ओढण्यापूर्वी विचार करण्याची निकड उरत नाही. दहा वेळा ओढावी, अकरावी ठेवावी. कोळशाची रेष पुसली तरी तिचा डाग राहतो. चित्रकाराला तो डाग पोटात घेऊनच पुढे जावे लागते, आणि कित्येकदा चित्राचे तेज तेथेच असते.

याविषयी एक सावधगिरी मात्र बाळगावी. नॉर्वेतील ट्रॉन्डहेम येथील संशोधकांनी 36 विद्यार्थ्यांवर केलेला आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग हस्तलेखनाच्या बाजूने नेहमी सांगितला जातो. कळफलकाने टंकलेखन करताना मेंदूच्या विविध भागांत जे दळणवळण दिसले, त्याहून कितीतरी व्यापक दळणवळण हाताने लिहिताना दिसले. परंतु त्या विद्यार्थ्यांनी कागदावर लिहिलेच नव्हते. पडद्यावर, अंकीय लेखणीने लिहिले होते! तेव्हा श्रेय कागदाला नव्हे, अक्षराचे वळण घडविणाऱ्या हाताला आहे.

महाराष्ट्रातील र. कृ. जोशी (1936–2008) यांनी हे फार आधी ओळखले होते. ते सुलेखनकार, कवी आणि मुंबईच्या आय.आय.टी.मधील अध्यापक. विंडोज प्रणालीतून घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा नागरी टंक त्यांचाच. असा मनुष्य सुलेखन सोडून देईल, असे कोणालाही वाटावे. परंतु संगणकाचे काम आणि हाताचे लेखन त्यांनी एकमेकांचे वैरी कधी मानले नाहीत.

राजेगावसारख्या ठिकाणच्या मुलाला आज भ्रमणध्वनी सहज मिळतो, चित्रकलेचा शिक्षक मिळेलच असे नाही. तथापि साधनांसाठी अडून राहण्याचे कारण नाही. बोरूचे टोक तिरकस छाटले की नागरीची जाड व बारीक रेघ आपोआप उमटू लागते. वाळक्या काटक्या झाकणाच्या डब्यात गच्च भरून, झाकणाला बारीकसे भोक पाडून, डबा चुलीच्या निखाऱ्यांत ठेवावा. भोकातून धूर येण्याचा थांबला की तो काढून पूर्ण थंड होऊ द्यावा. घाईने उघडल्यास आतील काटक्या पेट घेऊन राख होतात. नीट निवला, तर हॉकनी यांनी वापरला त्याच जातीचा कोळसा हाती येतो.