बेवारस कोडचे वारसदार

नव्या लायब्रऱ्यांचे पोवाडे दर वर्षी गायले जातात. मूळ कर्त्याने हात काढून घेतल्यावर ज्यांनी त्या चालत्या ठेवल्या, त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. यंदा तो मांडतो.

जुने चटकन उरकू. जीसीसी कंपायलर रेंगाळला तेव्हा १९९७ मध्ये ईजीसीएस हा फोर्क निघाला. १९९९ मध्ये तोच अधिकृत जीसीसी ठरला. जावातल्या लॉगफोरजे १ ला अपाचेने २०१५ मध्ये निरोप दिला. २०२२ मध्ये तिच्या मूळ कर्त्यानेच रीलोडफोरजे काढून तिची भोके बुजवली.

माझा जीव मात्र पिलोमध्ये. पायथॉनमध्ये चित्रे हाताळणारी पीआयएल ही फ्रेड्रिक लुंड यांची नव्वदच्या दशकातली निर्मिती. २००९ मध्ये तिची १.१.७ आवृत्ती आली आणि पुढे सामसूम. पायथॉन ३ वर ती चालेना, इन्स्टॉल करतानाच घाम फुटे. २०१० मध्ये अ‍ॅलेक्स क्लार्क यांनी पिलो हा फोर्क काढला तो पॅकेजिंगची रड मिटवायला. २०१३ मध्ये तो पायथॉन ३ वर चालू लागला. ‘फ्रॉम पीआयएल इम्पोर्ट इमेज’ ही ओळ त्यांनी मोडली नाही, म्हणून असंख्य जुने प्रोग्रॅम जगले. पुढे दर तीन महिन्यांनी रिलीज, गाजावाजा न करता. २०१७ च्या ४.२ आवृत्तीत अक्षरांची मांडणी करणाऱ्या राक्म लायब्ररीची जोड मिळाली. त्याआधी ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरांचे पाय मोडत. प्रमाणपत्रांवर मराठी नावे छापणाऱ्यांना विचारा, ते काय होते!

फोर्क म्हणजे भाऊबंदकी, असे आमच्यातले काही पंडित अजून सांगतात. पिलोने कोणाचे घर फोडले? घर रिकामेच होते. दुसरा पंथ एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाकडे बोट दाखवतो: २०२४ मध्ये मदतनीस म्हणून आलेल्याने ५.६ च्या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला, म्हणून समाजावर भिस्त नको. पण तिथे समाज होता कुठे? थकलेला एकटा मेंटेनर, आणि ‘दुसरा माणूस घ्या’ म्हणून त्याच्यामागे लागलेली अनोळखी खाती. चोरी पकडली तीही आंद्रेस फ्रॉइंड यांनी, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून खोदत बसल्यामुळे.

अशी खोदत बसणारी माणसे आता दुर्मीळ. दुपारी नवी लायब्ररी लिहून संध्याकाळी मिरवणारे पुष्कळ. जुने इश्यू वाचायला कोणी बसत नाही. कंपन्या फुकटात वापरतात आणि बग निघाला की थकबाकी वसूल करायला आल्यासारख्या दटावतात.

हिंजवडीतल्या कंपन्यांनी देणग्या द्याव्यातच. त्याआधी प्रत्येकीने एका माणसाचे आठवड्यातले काही तास द्यावेत, आणि त्या तासांत त्याला नवे काही लिहायला सक्त मनाई असावी.