भगताची चिठ्ठी आणि मजुराची रजा

डहाणूच्या चिकूवाडींत किंवा फुग्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या वारली मजुराचा हात दुखावला, म्हणजे तो पुष्कळदां प्रथम आपल्या पाड्यावरील भगताकडे जातो. तलासरीकडेही हाच परिपाठ. भगत मंत्र म्हणतो, झाडपाल्याचा लेप लावतो. एखादा जाणता हाड बसवून कामट्यांनीं बांधतो. मजुरास बरें वाटलें तरी कारखान्यांत दाखविण्याजोगा कागद त्याच्या हातीं येत नाहीं. कामगार विमा योजनेंत आजारपणाचे पैसे मिळावयाचे, तर अधिकृत डॉक्टराचा दाखला लागतो. तींत आयुर्वेदासही जागा आहे, पण ती पदवीधर वैद्याला. भगताकडे काढलेले आठ दिवस मग सामान्यतः गैरहजेरीचेच ठरतात, आणि तेवढी मजुरी बुडते.

कायदा येथें स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या १९६१ च्या अधिनियमाप्रमाणें नोंदणीवांचून वैद्यकी करणें हा गुन्हा आहे. केरळांतील परंपरागत वैद्यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानेंही २०१८ सालीं तोच दंडक कायम ठेवला. एक गोष्ट मात्र आम्हांस नमूद केलीच पाहिजे. १९३८ च्या मुंबई कायद्यानें वैद्य-हकिमांची नोंदणी ठरविली, तेव्हां पदवी नसलेल्या, पण धंदा करीत असलेल्या वैद्यांचीही यादी ठेवण्याची सोय केली. आपल्या घराण्यांतील पोथीवरून औषध देणारे वैद्य तींत बसूं शकत होते. पाड्यावरच्या भगताची विद्या पोथींत नव्हती.

मग भगतास डॉक्टराच्या पंक्तीला बसवावें काय? आमचें मत तसें नाहीं. चरकसंहितेच्या आरंभींच, वनौषधींचीं नांवें व रूपें गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी जाणतात, असें मान्य केलें आहे. पण तेवढ्यानें औषधाची योजना कळत नाहीं, असेंही लागलीच बजावलें आहे. भातखाचरांत मजुरास घोणस चावली, तर प्रतिविषाचें इंजेक्शन हाच उपाय. मंत्रांत गेलेला तास जिवावर बेततो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील संस्थेनें डहाणू तालुक्यांत सर्पदंशाचें काम हातीं घेतलें, तेव्हां भगतांना हिणवून दूर न लोटतां शिकवणींत सामील करून घेतलें. रोगी ज्याच्या दारीं आधीं जातो त्यालाच इस्पितळाची वाट दाखवूं द्यावी, ही युक्ति आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

कायद्यानें द्यावयाची मान्यता याच बेताची असावी. भगताचें नांव प्राथमिक आरोग्य केंद्रांत नोंदवावें. मजूर केव्हां आला व पुढें कोठें पाठविला, याची चिठ्ठी त्यानें द्यावी. लिहितां येत नसल्यास आशाताईकडून लिहवून घ्यावी. ती दाखविल्यास मधले दिवस मालकानें गैरहजेरींत धरूं नयेत. साप चावलेला किंवा हाड मोडलेला रोगी मात्र त्यानें क्षणभरही ठेवून घेऊं नये. आणि प्रत्येक चिठ्ठीमागें त्याला थोडें मानधन मिळालें पाहिजे. कारण रोगी पुढें धाडला कीं त्याचा नारळ आणि कोंबडी दोन्ही जातात.