उसाचा हमीदर : द्यायचा कोणी?

सुरत जिल्ह्यातील बारडोलीचे नाव काढले की १९२८ चा सत्याग्रह आठवतो. शेतकऱ्याने सरकारला सारा किती द्यावा, हा त्या वेळचा प्रश्न होता. आज त्याच तालुक्यात प्रश्न उलटा झाला आहे. शेतकऱ्याला त्याच्या मालाचे किती मिळावे, आणि ते कोणी द्यावे?

तापीवरील काकरापार व उकाई येथील बांधकामांनी या मुलखात कालव्याचे पाणी आले आणि ऊस हे येथील मुख्य पीक झाले. बारडोली, मढी, चलथाण, सायण येथे शेतकऱ्यांनी स्वतःचे सहकारी साखर कारखाने उभारले. या उसाला सरकारी दराचे संरक्षण आहे. परंतु ते संरक्षण म्हणजे नेमके काय, याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो.

भात वा गहू यांच्या आधारभूत किमतीने सरकार स्वतः धान्य खरेदी करते. उसाचे तसे नाही. केंद्र सरकार फक्त दर ठरविते. तो चुकता करावयाचा कारखान्याने. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये पूर्वी किमान दर ठरत असे. २००९ पासून त्याची जागा ‘रास्त व किफायतशीर दरा’ने घेतली. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे न दिल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे, असाही नियम आहे. गुजरातेतील सहकारी कारखान्यांत मात्र सभासदांना रक्कम हप्त्याहप्त्याने देण्याची रीत आहे.

आता थोडा हिशेब पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरला. म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघते असे धरले, तर एक किलो साखरेमागे नुसत्या उसाचेच सुमारे साडेचौतीस रुपये झाले. २०१८-१९ मध्ये दहा टक्के उताऱ्यास २७५ रुपये दर होता. तेव्हा हाच आकडा साडेसत्तावीस होता. त्याच हंगामात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, साखरेचा किमान विक्रीदर किलोस ३१ रुपये करण्यात आला. उसाचा दर त्यानंतर वर्षानुवर्षे चढत गेला, आणि त्या ३१ रुपयांच्याही पुढे गेला. बाजारात साखर उतरली, तर मळी, भुसा व इथेनॉल यांच्या उत्पन्नाने ही तूट भरून काढावी लागते. ती भरली नाही की शेतकऱ्याचे पैसे थकतात. कारखाना सहकारी असेल तर गोष्ट आणखी विचित्र होते : देणेकरी आणि घेणेकरी एकच ठरतात!

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हा दर कारखान्याच्या दारातला आहे. तोडणी व वाहतूक कारखान्याने केली, तर तो खर्च त्यातून वजा होतो. तोडणीसाठी नंदुरबार-धुळ्याकडून आणि डांगातून आदिवासी कुटुंबे दर हिवाळ्यात सुरतेच्या शिवारात उतरतात. पतिपत्नींची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. बहुतेकांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मजुरीचा एक रुपया वाढला, तर तो शेतकऱ्याच्या पदरातून जातो. म्हणून दोन गरजवंत समोरासमोर उभे राहतात.

तेव्हा दर जाहीर झाला की आनंद अवश्य मानावा. पण त्याबरोबर तीन प्रश्न विचारावेत. पैसे कोण देणार? केव्हा देणार? आणि त्यातला वाटा कोयत्यापर्यंत किती पोहोचणार?