दुखावलेला स्नायू आणि तालमीची वाट

माघी पौर्णिमेच्या सुमारास पिंपळवंडीच्या एखाद्या तालमींत सायंकाळची लढत चालली आहे, अशी कल्पना करा. समोरच्या गड्यानें एकेरी पट धरला, पाय वर उचलला, आणि आपला तरुण एका पायावर तोल सांवरूं लागला. पाय सोडवून घेण्यासाठीं त्यानें जोरानें हिसका दिला, तोंच मांडीच्या मागें कोणी दगड मारावा तशी कळ आली. कांहीं तरी तुटल्याचें त्याला स्वतःलाच जाणवलें. वस्ताद हौद्यांत उतरतात; कोणी तेल गरम करावयास धांवतो; कोणी म्हणतो, "चमक भरली आहे, चार बैठका मार, म्हणजे मोकळी होईल." तरुणाच्या डोळ्यांसमोर मात्र दोनच गोष्टी उभ्या असतात. चैत्रांत यात्रांचे आखाडे सुरू होणार, आणि त्यांच्यामागोमाग उन्हाळी टोमॅटोचा तोडा. आखाडा एक वेळ चुकेल. पण शेतांतलीं क्रेटें कोणी उचलावीं?

श्रोतेहो, ही मांडी पुन्हा बैठका मारण्याजोगी कशी व्हावी, हें आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे. दुखणें पिंपळवंडीच्या तरुणास झालें असें मीं धरलें, तें अशासाठीं कीं जुन्नर-आंबेगांवच्या भागांत शरीर कमावण्याची हौस आहे आणि ओझें उचलण्याची गरजहि आहे. लोखंडी वजनें उचलणारा, धांवणारा, किंवा कांद्याची गोणी पाठीवर घेणारा, यांपैकीं कोणाचाहि स्नायू उसवला तरी त्याची उस्तवार बहुतांशीं एकाच रीतीनें करावी लागते.

स्नायूची रचना वाखाच्या दोरासारखी समजावी. सुताहून बारीक असे असंख्य तंतू, त्यांचे जुडगे, त्या जुडग्यांचे आणखी मोठे जुडगे, आणि शेवटीं पांढरी, चिवट कंडरा. ती हाडाला घट्ट चिकटलेली. मांस जेथें कंडरेला मिळतें ती जागा नाजूक, आणि बहुतेक वेळां स्नायू तेथेंच उसवतो. थोडे तंतू तुटले तर चालतां येतें, पण धांवतां येत नाहीं. पुष्कळ तुटले तर पायरी चढणेंहि कठीण जातें आणि दोनतीन दिवसांनीं मांडी काळीनिळी होते. हा काळेपणा पुढें गुडघ्याकडे उतरतो, तेव्हां घरचीं माणसें घाबरतात. परंतु तें सांचलेलें रक्त खालीं ओघळलेलें असतें, नवें दुखणें नव्हे.

सर्वच तंतू तुटले, किंवा कंडरा हाडापासून सुटली, तर प्रकरण निराळें. तेथें बोटाला खांच लागते, स्नायू एका बाजूला गोळा होतो, आणि त्या अवयवाचें बळ एकदम जातें. दंडाची कंडरा कोपरापाशीं किंवा छातीची कंडरा खांद्यापाशीं सुटणें, हें जड वजनाच्या व्यायामांत घडतें. शस्त्रक्रिया करावयाचीच असेल तर ती पहिल्या दोनतीन आठवड्यांत सोपी जाते. पुढें तुटलेलें टोंक आखडतें आणि भोंवतालच्या मांसाला चिकटून बसतें. म्हणून खांच लागली, गोळा दिसला, किंवा चार पावलेंहि टाकवेनात, तर तालमींत उपचार करीत न बसतां अस्थिरोगतज्ज्ञांस दाखवावें. पोटरी दगडासारखी कठीण झाली, वेदना क्षणोक्षणीं वाढूं लागली आणि पाऊल बधिर झालें, तर सकाळपर्यंतहि थांबूं नये. त्याच रात्रीं रुग्णालय गांठावें. आंत कोंडलेल्या दाबानें स्नायू कांहीं तासांत मरूं शकतो.

आतां त्या गरम तेलाविषयीं. तालमींतल्या मालिशीबद्दल मला आदर आहे. थकलेल्या अंगाला तिच्यासारखें सुख नाहीं. परंतु नुकत्याच फाटलेल्या स्नायूला शेक देणें व तो रगडणें म्हणजे आंतल्या रक्तस्रावाला वाट करून देणें होय. त्याहून वाईट असें कीं, मुका मार लागून मांडींत रक्ताची मोठी गांठ झाली असतां ती पुन्हा पुन्हा चोळली, तर कधीं कधीं त्या मांसांत खरोखरीचें हाड तयार होतें आणि गुडघा वांकेनासा होतो. पहिले दोनतीन दिवस रुंद पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा, कापडांत गुंडाळलेला बर्फ पंधरावीस मिनिटें लावावा, आणि दारूला शिवूं नये. वस्तादांच्या हातांना पुढें पुष्कळ काम आहे.

त्यानंतर शरीर आपल्या कामाला लागतें. मेलेले तंतू रक्तांतील पेशी उचलून नेतात. तंतूंच्या कडेला एरवीं निजलेल्या कांहीं पेशी असतात, त्यांचा शोध १९६१ सालीं लागला. त्या जाग्या होऊन नवे तंतू घडवूं लागतात. त्याच वेळीं फटींत वण भरत असतो. हा वण पहिले सुमारें दहा दिवस सर्वांत कच्चा दुवा असतो. या काळांत हिसका बसला तर दोर पुन्हा त्याच गांठीला तुटतो. वण अगदींच निजवून ठेवला तर मात्र तो वेडावांकडा, ताठ आणि आंखूड भरतो, आणि भोंवतालचा धड स्नायू दिवसेंदिवस वाळत जातो. घाई करणारा पहिल्या चुकींत सांपडतो, आणि भिऊन खाटेवर पडून राहणारा दुसऱ्या. आपल्याकडे पहिलीची चर्चा फार होते. दुसरी मात्र काळजीचा वेष घेऊन येते, म्हणून ती कोणी चूक समजत नाहीं. "महिनाभर पाय हलवूं नकोस," असें आई सांगते, आणि त्या मायेपुढें बोलायचें तरी काय?

या प्रश्नाचा निवाडा डेन्मार्कमधील वैद्यांनीं प्रत्यक्ष मोजून पाहिला, आणि तो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू फाटलेले ५० हौशी खेळाडू त्यांनीं घेतले. निम्म्यांना दोन दिवसांनीं हलक्या व्यायामास लावलें, निम्म्यांना नऊ दिवसांनीं. फरक अवघ्या एका आठवड्याचा. परंतु लवकर आरंभ करणारे साधारणतः ६२ दिवसांत वेदनेवांचून खेळावयास परतले, आणि उशिरां आरंभ करणाऱ्यांस ८३ दिवस लागले. आपल्या पंचांगानें बोलावयाचें तर माघी पौर्णिमेला दुखावलेला पहिला गडी चैत्री पौर्णिमेच्या आसपास तयार होतो, आणि दुसऱ्याला वैशाखांतली अक्षय्यतृतीयाहि उलटून जाते. हा आंकडा सरासरीचा आहे. दुखापत मोठी असेल तर दिवसहि वाढतात, हें ध्यानांत ठेवावें.

मग हलका व्यायाम म्हणजे काय? आरंभीं स्नायू न हलवतां आवळावयाचा. उताणें निजून गुडघा किंचित् वांकवावा, टांच जमिनींत दाबावी, पांच अंक मोजावे आणि सोडावी. पुढें टांचा रोवून कंबर उचलावी. प्रथम दोन्ही पायांवर, मग कांहीं दिवसांनीं एका पायावर. त्यापुढचा व्यायाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच वगळला जातो. विहिरींत भरलेला पोहरा सोडतांना आपण दोर एकदम सोडीत नाहीं; हात दोराला धरूनहि असतो आणि सावकाश सोडीतहि असतो. स्नायूलाहि असेंच लांब होतां होतां भार सोसावयास शिकवावें लागतें, कारण तो फाटला तो याच प्रसंगीं, ताणला जात असतां. कंबर उचलून टांचा हळूहळू पुढें सरकवीत नेणें, किंवा पाठ सरळ ठेवून कंबरेंतून वांकणें व पुन्हा उभें राहणें, हे असे व्यायाम आहेत. प्रथम रिकाम्या हातांनीं, मग भार घेऊन.

आणि दुखलें तर? थोडें दुखणारच. सोळा आण्यांपैकीं चारपांच आणे दुखलें तर चालूं ठेवावें, आठ आणे दुखलें तर भार कमी करावा. खरा पंच दुसऱ्या दिवसाची सकाळ होय. उठल्यावर पाय कालच्याहून अधिक जखडला असेल, तर काल अति झालें. आंकडा वाढवावा कीं नाहीं, तें त्या सकाळीं ठरवावें, सायंकाळच्या उत्साहांत नव्हे. दुखूं नये म्हणून गोळ्या घेऊन व्यायामास जाणारा या पंचालाच मैदानाबाहेर काढतो.

जड भार हेंच औषध आहे, ही गोष्ट वैद्यकानेंहि उशिरांच मानली. दुसऱ्या महायुद्धांत शिकागोच्या लष्करी रुग्णालयांत गुडघे व मांड्या निकामी झालेले सैनिक महिनोन्महिने पडून असत. त्यांना हलक्या वजनानें शेकडों वेळां पाय हलवावयास लावीत. तेथील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांना तरुणपणीं सांधेतापानें अंथरूण धरावें लागलें होतें, आणि पुढें त्यांनीं वजनें उचलून आपलें शरीर सुधारलें होतें. त्यांनीं सैनिकांच्या पायांत लोखंडी जोडे बांधले, त्यांना वजनें अडकविलीं, आणि थोड्या वेळां पण जड उचलावयास लावलें. वाळलेल्या मांड्या भरूं लागल्या. १९४५ सालीं त्यांनीं हा अनुभव छापला, आणि पुढें १९४८ च्या सुमारास त्याला सुटसुटीत रूप दिलें: जें वजन दहा वेळां आणि दहाच वेळां उचलतां येतें तें शोधावें, त्याच्या निम्म्यानें दहा वेळां, पाऊणपटीनें दहा वेळां, आणि पूर्ण वजनानें दहा वेळां उचलावें, बळ वाढेल तसतसें वजन वाढवावें.

आपल्या तरुणाला याकरितां शहरच्या व्यायामशाळेचें तोंड पाहावयास नको. नारायणगांवच्या बाजारांत जाणारें टोमॅटोचें क्रेट वीस किलोंचें भरतें. तें पाव भरलें म्हणजे पांच किलो, निम्में भरलें म्हणजे दहा. यापेक्षां सोयीची चढती वजनें कोठें मिळणार? शेतांतल्या कामालाहि हेंच माप लावावें. ट्रॅक्टरवर भरलेलें क्रेट फेंकणें शेवटीं. आधीं तें गुडघ्यापासून कंबरेपर्यंत सावकाश उचलतां आलें पाहिजे. आणि दुखऱ्या पायाला भार सोसवत नाहीं त्या दिवसांत चांगल्या पायाला सुट्टी देऊं नये. एका बाजूचा सराव दुसऱ्या बाजूलाहि थोडाबहुत पोंचतो, हें अमेरिकेंतील येल विद्यापीठांत १८९४ सालींच दिसून आलें होतें. मेंदू आणि मज्जातंतू दोन्ही बाजूंना सामाईक. स्नायू निजला तरी त्यांची शिकवणी चालूं राहते. खुराकाविषयीं फार सांगावयास नको: दूध, अंडीं, डाळी, शेंगदाणे नेहमींच्याहून थोडे अधिक, आणि तंबाखू बंद. दुखण्यांत व्यायाम नाहीं म्हणून जेवण तोडणारे वाळणाऱ्या स्नायूला आणखी वाळवितात.

आतां धोक्याची जागा येते. पांचसहा आठवड्यांनीं चालतांना, पायरी चढतांना, बसतां-उठतांना कांहींच दुखत नाहीं. तरुण म्हणतो, मी बरा झालों. परंतु वेदना जाणें आणि बळ येणें या दोन वेगळ्या तारखा आहेत, आणि दुसरी तारीख पुष्कळ मागाहून येते. एकदां फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याचा संभव न फाटलेल्या स्नायूहून पुष्कळ अधिक, आणि तो परतल्यानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. याची परीक्षा सोपी आहे. दुखऱ्या पायावर जें वजन दहा वेळां पेलतें तें चांगल्या पायाच्या निदान नऊदशांश झालें कां? पाठीवर निजून सरळ पाय वर नेला असतां दोन्ही पाय सारखेच जातात कां? भरधांव पळतांना मन त्या पायाला जपतें कां? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पैलवानानें स्वतःशीं खरें द्यावें. तें बाहेरून दिसत नाहीं.

सांगलीचा वजन उचलणारा संकेत सरगर याची २०२२ सालची बर्मिंगहॅममधील स्पर्धा अनेकांनीं पाहिली असेल. राष्ट्रकुल खेळांतील ५५ किलो गटांत त्यानें आधीं ११३ व मग १३५ किलो उचलले. पुढें १३९ किलोंच्या प्रयत्नांत उजवें कोपर दुखावलें. तरीहि तो पुन्हा वजनापाशीं आला. वजन पेललें नाहीं, आणि सुवर्णपदक एका किलोनें हुकून रौप्य मिळालें. एकवीस वर्षांच्या मुलानें त्या क्षणीं काय करावयास हवें होतें, हें येथें बसून सांगण्याचा अधिकार मला नाहीं. मात्र त्याच्या पुढें सुवर्णपदक होतें. मंगळवारच्या सायंकाळीं तालमींत दुखऱ्या मांडीनें "आणखी एकदां" म्हणणाऱ्या गड्यापुढें काय असतें?

आणखी एक इशारा. सुट्टीनंतर परतलेला तरुण पहिल्याच दिवशीं, जुन्या आठवणीनें, पांचशें बैठका मारतो. दुसऱ्या दिवशीं मांड्या फुगतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. तें अतिश्रमानें फुटलेल्या स्नायूंतलें द्रव्य असतें. तें मूत्रपिंडांत अडकून तीं बंद पाडूं शकतें. लघवीचा रंग असा दिसला तर घरगुती उपाय न करतां ताबडतोब रुग्णालयांत जावें. आधीं किती बैठका मारीत होतां हा हिशेब विसरून पहिल्या दिवशीं वीसपंचवीसांवर थांबावें, आणि आठवड्या-आठवड्यानें चढवीत जावें.

एवढें सगळें नीट झालें तरी चैत्री पौर्णिमेला मांडी पूर्ण तयार असेलच, असें नाहीं. आखाडा रेवड्यांच्या कुस्त्यांनीं सुरू होतो आणि मानाची कुस्ती दिवस मावळतां लागते. त्या दोहोंच्या मध्यें पुष्कळ जोडी लागतात. परीक्षेंत उतरलेल्या गड्यानें वस्तादांकडे हलकी जोड मागून घ्यावी, त्यांत कमीपणा नाहीं. आणि नऊदशांशाचें माप अजून भरलें नसेल, तर त्या दिवशीं हौद्याच्या कडेला बसून रेवड्यांच्या कुस्तीला उतरणाऱ्या पोरांचे लंगोट घट्ट बांधून द्यावे.