एक ऑगस्टच्या टेबलावरचे दोन फोटो

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत एक ऑगस्टच्या सकाळी टेबलावर दोन फोटो असतात. पगडी घातलेले लोकमान्य टिळक आणि शेजारी अण्णा भाऊ साठे. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती, आणि दोन्ही एकाच तासाला उरकलेल्या. टिळकांवर बोलणारा मुलगा शेंगांच्या टरफलांवरून पुढे सरकत नाही, अण्णा भाऊंवर बोलणारी मुलगी दीड दिवसाच्या शाळेवरून. तारीखच नव्हे, सालही एकच आहे, १९२०, हे मात्र भाषणांत क्वचितच येतं.

तारखांच्या योगायोगांची मला फारशी भक्ती नाही. १ ऑगस्टला १७७४ साली जोसेफ प्रीस्टलेने प्राणवायू वेगळा केला, १९१४ साली जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं. या तिन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. १९४४ चा १ ऑगस्ट त्यातल्या त्यात आपल्या जवळचा. त्या दिवशी वॉर्सामध्ये नाझींविरुद्ध उठाव सुरू झाला, तेव्हा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहत होते. पण १९२० चा १ ऑगस्ट वेगळाच.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर टिळकांनी प्राण सोडला. नऊ दिवसांपूर्वी त्यांना चौसष्ट वर्षं पूर्ण झाली होती. दिवस उजाडला तो पावसाचा, तरी रस्ते माणसांनी भरून गेले. पार्थिव बसलेल्या स्थितीत ठेवून अंत्ययात्रा निघाली. ती गेली स्मशानात नव्हे, गिरगाव चौपाटीवर. लाखोंच्या साक्षीने समुद्रकाठच्या वाळूत चिता रचली गेली. आज तिथे त्यांचा पुतळा आहे.

खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. त्यांच्यासाठी तो दिवस आधीच ठरलेला होता, कारण असहकाराची सुरुवात १ ऑगस्टपासून करायची हे त्यांनी अगोदर जाहीर केलं होतं. व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र लिहून त्यांनी कैसर-इ-हिंद पदक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धसेवेची पदकं परत केली, तीही याच तारखेला. एका पुढाऱ्याची चिता आणि दुसऱ्याच्या चळवळीचा आरंभ एकाच दिवशी, हे एखाद्या नाटककाराने लिहिलं असतं तर आपण त्याला ओढूनताणून आणलेलं म्हटलं असतं.

आणि याच दिवशी, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या वाटेगावात, मांगवाड्यात वालुबाई आणि भाऊराव साठे यांच्या पोटी तुकाराम जन्मला. तोच पुढे अण्णा भाऊ. असं सांगतात, की त्याच दिवशी फकिरा इंग्रजांचा खजिना लुटून आला होता आणि त्याने बाळंतिणीच्या घरी दोन ओंजळी रुपये दिले. गोष्ट घासूनपुसून गुळगुळीत झाली असेल, पण तिच्यातला खजिना महत्त्वाचा. तो शेतसाऱ्यातून, कष्टकऱ्यांच्या घामातून भरलेला असे. ज्या जमातीला सरकारने जन्मजात गुन्हेगार ठरवून हजेरी लावायला बसवलं, तिच्यातल्या माणसाने दुष्काळात उपाशी वस्तीसाठी धान्य आणि खजिना लुटला, त्याची कादंबरी म्हणजे १९५९ ची 'फकिरा'. अण्णा भाऊंनी ती डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली.

आता टिळकांकडे वळा. १८९६-९७ च्या दुष्काळात 'केसरी'ने आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी गावोगाव हेच सांगितलं, की पीक बुडालं असेल तर सारा माफ किंवा तहकूब करून मागण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, सारा भरण्यासाठी गुरंढोरं विकू नका. सरकारला हे इतकं झोंबलं, की त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. टिळकांनी कायद्याचं पुस्तक हातात घेतलं, फकिराने तलवार. दोघांच्या समोर सरकारी तिजोरीच होती.

म्हणून टेबलावर तिसरी वस्तूही ठेवावी असं मला वाटतं, तलाठ्याचं दप्तर. आपलं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं आणि १ ऑगस्ट हाच दिवस राज्यात महसूल दिन म्हणून पाळतात. खरिपाची पेरणी आटोपलेली असते, पिकं रानात उभी असतात, आणि गावच्या दप्तरात नव्या वर्षाचा हिशेब उघडतो. शाळेत हार घालण्याचा कार्यक्रम चालू असताना तहसील कचेरीत उत्कृष्ट कर्मचाऱ्यांचे सत्कार होत असतात. मधे फक्त एक रस्ता असतो, पण इकडचं भाषण तिकडे ऐकू जात नाही.

येत्या १ ऑगस्टला घरातलं पोर भाषण पाठ करायला बसलं, तर टरफलं आणि दीड दिवस त्याला येतातच. त्याला 'फकिरा' वाचायला द्या, आणि दुष्काळातल्या 'केसरी'ची गोष्ट सांगा.